डाग कुठल्या चॅनेलमध्ये आहे, ते आधी बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. चेहऱ्याचे क्लोज-अप तुम्ही फोटोशॉपमध्ये फ्रिक्वेन्सी सेपरेशनने (पोत वरच्या थरात आणि रंग-उजळपणा खालच्या थरात वेगळा करून) साफ करता, पण त्वचा प्लास्टिकसारखी दिसते. मग कुणीतरी सुचवलं की लाल चॅनेल (फोटोतल्या लाल प्रकाशाची वेगळी कृष्णधवल नोंद) वरच्या लेयरवर घ्या, ब्लेंडिंग मोड ल्युमिनॉसिटी (फक्त उजळपणा बदलणारा) ठेवा, मुरुमांचे डाग आपोआप जातील. डाग गेले खरे, पण चेहरा पांढराफटक पडला, ओठ जवळजवळ पुसले गेले आणि पुरुषांच्या फोटोत दाढीची निळसर छटा उलट जास्तच उठून दिसायला लागली. आता तुम्हाला आकडे हवेत: ओपॅसिटी (लेयरचा ठळकपणा) किती, ब्लरचा रेडियस किती, आणि हे सगळं ॲक्शनमध्ये (एका बटणावर चालणाऱ्या, नोंदवून ठेवलेल्या पायऱ्यांत) बांधता येईल का.

आकडे देतो. पण अडचण आकड्यांत नाही. लालसर डाग, तपकिरी वांग, दाढीचे खुंट, कपाळावरची चमक, डोळ्यांखालची वर्तुळं या सगळ्यांवर तुम्ही एकच उपाय चालवताय. बघताना हे सगळं 'खराब त्वचा' या एकाच नावाखाली जातं. फाइलमध्ये मात्र प्रत्येक दोष वेगळ्या चॅनेलमध्ये असतो. तो जिथे आहे तिथेच त्याला हात लावला, तर बाकीच्या चेहऱ्याला धक्का लावायची गरजच पडत नाही.

एक छोटं काम करा. कुठलाही पोर्ट्रेट उघडा आणि फोटोशॉपमध्ये कंट्रोल (मॅकवर कमांड) धरून ३, ४, ५ हे आकडे एकामागून एक दाबा. लाल, हिरवं आणि निळं चॅनेल कृष्णधवल दिसेल; २ दाबलं की पुन्हा रंगीत. लालमध्ये त्वचा उजळ आणि नितळ दिसेल. हिरव्यात चेहऱ्याचा आकार, पोत आणि डाग सगळंच स्पष्ट दिसेल. निळ्यात तोच माणूस थकलेला, काळवंडलेला, खरखरीत दिसेल. कॅमेरा कुठलाही असो आणि त्वचा गोरी असो की सावळी, हा क्रम सहसा बदलत नाही, कारण तो त्वचेतूनच येतो. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-जांभळा आणि हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, लाल फारसा शोषत नाही. मेलॅनिनही निळ्याकडे जावं तसं जास्त शोषतं. शिवाय लाल प्रकाश त्वचेत खोलवर शिरून, आत विखरून, थोडा बाजूला सरकून बाहेर येतो, त्यामुळे बारीक तपशील त्यात पुसट होतात. लाल मुरुमाभोवती रक्त साचलेलं असतं, म्हणून तो हिरव्या-निळ्यात गडद ठिपका दिसतो आणि लालमध्ये जवळजवळ दिसतच नाही.

ही गोष्ट संगणकाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग टिपताच येत नसे, त्यामुळे त्या फोटोंत ओठ काळे आणि डाग ठळक येत. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्यावर लेन्सवर नारिंगी किंवा लाल फिल्टर चढवला की तीच त्वचा नितळ येऊ लागली. फोटोशॉपमध्येही लेयर १९९४ साली, ३.० या आवृत्तीत आले. चॅनेल त्याआधीपासून होती. जुने रिटचर आधी चॅनेलमध्ये डोकावतात ते त्यामुळेच.

आता तुमच्या चेहऱ्याचं नेमकं काय झालं ते बघू. ल्युमिनॉसिटी मोड उजळपणा मोजताना लालचे साधारण ३०, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के धरतो. उदाहरणादाखल निरोगी त्वचेचा एक बिंदू घ्या (प्रत्येक चॅनेलमध्ये ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं): लाल २०५, हिरवा १५५, निळा १३०. त्याचा उजळपणा येतो १६७ च्या आसपास. शेजारचा मुरूम समजा २००, १२०, १०५ आहे. त्याचा उजळपणा १४२. म्हणजे डोळ्याला जाणवणारा फरक २५ पातळ्यांचा आहे. नुसत्या लाल चॅनेलमध्ये तोच फरक २०५ आणि २०० एवढाच, फक्त ५. लाल चॅनेल ल्युमिनॉसिटीवर लावल्यावर डाग विरतो तो असा.

पण त्याच हिशेबात निरोगी त्वचाही १६७ वरून २०५ वर गेली, म्हणजे अख्खा चेहरा ३८ पातळ्यांनी उजळला. हा मोड तिन्ही चॅनेलमध्ये सारखीच भर घालतो, त्यामुळे २०५, १५५, १३० चं २४३, १९३, १६८ होतं. तुमचा पांढराफटक चेहरा तो हाच. ओठ समजा १८५, ९५, ९५ असतील, तर त्वचेपासून त्यांचं अंतर आधी ४५ पातळ्यांचं होतं, ते आता २० वर आलं. ओठ पुसले गेले नाहीत, त्यांचा वेगळेपणा गेला. मुरूम घालवणारं गणित ओठांनाही तसंच लागू पडतं, कारण दोन्हीकडे लाली रक्ताचीच आहे.

दाढीचं गणित उलटं आहे. खुंट काळे असतात, ते तिन्ही प्रकाश गिळतात. समजा तिथे १५०, १२५, ११५ आहे. त्वचेपासून लालमध्ये अंतर ५५, हिरव्यात ३०, निळ्यात १५. म्हणजे दाढी सर्वांत ठळक दिसते ती लालमध्येच, आणि तुम्ही नेमकं तेच चॅनेल वर आणून बसवलं. हातांवरच्या आणि कपाळाच्या कडेच्या निळसर शिरांचंही असंच होतं. तिथे लाल चॅनेल चुकूनही वापरू नका.

मी लाल चॅनेल असा वापरतो. ॲप्लाय इमेजने (एक चॅनेल किंवा लेयर दुसऱ्यावर उतरवणाऱ्या आज्ञेने) वेगळा लेयर बनवण्याऐवजी चॅनेल मिक्सरचा ॲडजस्टमेंट लेयर घेतो, मोनोक्रोमवर टिचकी मारतो आणि लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी करतो. यात मूळ चित्राला हात लागत नाही आणि प्रमाण कधीही बदलता येतं. मिक्सरमध्ये ३०, ५९, ११ भरलंत तर जवळजवळ काहीच बदलणार नाही, कारण हेच मूळ प्रमाण आहे. तिथून लालकडे हळूहळू सरका. तुम्ही विचारलेली ओपॅसिटी आणि हे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. शंभर टक्के लालचा लेयर ५० टक्के ओपॅसिटीवर ठेवला, तर हिशेब ६५, २९.५, ५.५ या प्रमाणाचाच येतो. मी बहुतेक वेळा ५५ ते ७० टक्के लालच्या पलीकडे जात नाही, आणि निळा शून्याजवळ आणतो.

मग उजळपणा जागेवर आणायचा. मिक्सरमध्ये सर्वांत खाली कॉन्स्टंट नावाचा स्लायडर असतो. वरच्या उदाहरणात शंभर टक्के लाल वापरला तर तो उणे १५ टक्क्यांवर (२५५ च्या) नेला की ३८ पातळ्या परत मिळतात. ६५ टक्क्यांना उणे ७-८ पुरतं. हे फक्त त्या एका पातळीपुरतं बरोबर बसतं. गडद बाजूचा हिशेब वेगळा, म्हणून चेहऱ्यावर उजेड-सावलीचा फरक मोठा असेल तर कॉन्स्टंट सोडून मिक्सरला चिकटवलेला कर्व्ह (गडद, मधला आणि उजळ भाग वेगवेगळा हलवणारा लेयर) वापरा आणि गालाचा उजळ भाग, मधला भाग आणि जबड्याखालची सावली अशा तीन जागी आकडे जुळवा. सावळ्या त्वचेवर ही पायरी अजिबात गाळू नका. तिथे लाल आणि हिरव्यातलं अंतर आणखी मोठं असतं, त्यामुळे न भरपाई केलेला लाल लेयर माणसाला सरळ गोरा करून टाकतो. डाग काढा असं सांगितलं होतं. रंग बदला असं कुणी सांगितलं नव्हतं.

आता मास्क, म्हणजे लेयर कुठे दिसावा आणि कुठे नाही ते ठरवणारा काळा-पांढरा पडदा. खरं काम इथे होतं. लेयर पूर्ण चेहऱ्यावर ठेवायचाच नसतो. मास्क काळा करून डागांवर पांढऱ्या मऊ ब्रशने रंगवा, फ्लो (ब्रशमधून एका वेळी पडणारा रंग) १० टक्क्यांच्या आसपास. डाग फार विखुरलेले असतील तर मास्क चॅनेलमधूनच काढता येतो. कॅल्क्युलेशन्समध्ये (दोन चॅनेलचं गणित करणाऱ्या आज्ञेत) लालमधून हिरवं वजा करा (सबट्रॅक्ट मोड, चित्र जवळजवळ काळं आलं तर दोन्ही सोर्सची अदलाबदल करा). वरच्या आकड्यांत निरोगी त्वचेला ५० मिळतात, मुरुमाला ८०, ओठांना ९०. लेव्हल्समध्ये काळं टोक ५५ वर आणि पांढरं ८५ वर आणलं की चेहऱ्यावरची सगळी लाली पांढरी उरते आणि बाकी चेहरा काळा. तो मास्क दोन-तीन पिक्सेलने ब्लर करा. ओठ, डोळ्यांचे कोपरे, कानाची पाळी आणि लाल कपडे काळ्याने झाकून टाका. हे झाकायला विसरलात तर ओठ पुन्हा जातील, याची खात्री बाळगा.

मास्क लावून झाला, उजळपणा जुळला, तरी डागाच्या जागी गुलाबी धग उरेल. ल्युमिनॉसिटीने फक्त उजळपणा बदलला, रंग तसाच राहिला. त्यासाठी वेगळा रिकामा लेयर, मोड कलर. शेजारच्या चांगल्या त्वचेचा रंग उचला आणि ५ ते १० टक्के फ्लोने हलकेच फिरवा. गालाचा रंग गालावरूनच घ्या, कपाळाचा कपाळावरून. एकच रंग सगळीकडे फासला तर उजळपणात फरक असूनही चेहरा रंगवलेला वाटतो. नाक, गाल आणि कानांना स्वतःची थोडी लाली असते, ती राहू द्या.

इतकं केल्यावर फ्रिक्वेन्सी सेपरेशनची गरज किती उरते, ते बघा. मी ते टाकाऊ मानत नाही, पण तुमची त्वचा प्लास्टिकची झाली ती मुख्यतः यामुळे: रंगाचा दोष तुम्ही घडण पुसून घालवत होता. मुरुमाच्या लालीखाली रंध्रं जशीच्या तशी असतात. फक्त त्यांच्यावरचा रंग बिघडलेला असतो. खालचा थर ब्लर करून ती लाली पसरवली की डागाबरोबर गालाची घडणही सपाट होते. रेडियसचं म्हणाल तर ठरलेला आकडा नाही. चेहरा फ्रेममध्ये किती पिक्सेलचा आहे त्यावर ते अवलंबून आहे. खालच्या थरात रंध्रं दिसेनाशी होतील, पण नाकपुडीची कड अजून ओळखू येईल, तिथे थांबा. आणि १६ बिटमध्ये काम करत असाल तर वरचा थर ॲप्लाय इमेजने ॲड मोडमध्ये, इन्व्हर्ट करून, स्केल २ आणि ऑफसेट ० ठेवून बनवतात. ८ बिटमध्ये सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. दोन्हीकडे मोड लिनियर लाइट. हे अदलाबदल झालं तर दोष तुमच्या ब्रशचा वाटतो आणि तुम्ही तासभर भलतंच शोधत बसता.

इथवर लालसर डागांचं झालं: उजळपणा लाल चॅनेलमधून, रंग वेगळ्या लेयरवर, पोत जागच्या जागी. बाकीच्या दोषांसाठी हाच विचार वेगळ्या चॅनेलकडे नेतो.

दाढीसाठी मिक्सर उलटा फिरवा: लाल शून्य, हिरवा आणि निळा ५०-५०. वरच्या आकड्यांत दाढीचं अंतर ३६ वरून २२-२३ वर येतं. त्वचा मात्र गडद होते, म्हणून कॉन्स्टंट अधिक १० च्या आसपास, आणि मास्क फक्त दाढीवर. फरक माफकच दिसेल. दाढीची खरी तक्रार उजळपणाची कमी आणि निळसर-हिरवट रंगाची जास्त असते, म्हणून तिथे कलर मोडचा लेयर जास्त काम करतो. निळं चॅनेल वापरताना त्यातली खरखर बघून घ्या. बहुतेक सेन्सरवर हिरवे फोटोसाइट (प्रकाश टिपणारे बिंदू) निम्मे आणि निळे पावच असतात, आणि पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळं आणखी ताणून वाढवलेलं असतं. फाइल जेपेग असेल तर निळ्यात चौकोनी ठोकळेही दिसतील. ते दिसले की निळ्याचा नाद सोडा आणि नुसतं हिरवं वापरा.

चमकेची गोष्ट मला स्वतःला सर्वांत आवडते. कपाळावरची तेलकट चमक म्हणजे त्वचेच्या वरच्या पृष्ठभागावरून थेट परतलेला प्रकाश. त्याला दिव्याचा रंग असतो, त्वचेचा नसतो. लालमध्ये त्वचा आधीच उजळ, त्यामुळे चमक तिच्यात मिसळून जाते. निळ्यात त्वचा गडद, म्हणून चमक ठसठशीत वेगळी दिसते. म्हणजे निळं चॅनेल हाच चमकेचा आयता मास्क. त्याची प्रत काढा, लेव्हल्सने फक्त चमक पांढरी ठेवा, थोडा ब्लर द्या. त्या मास्कवर जवळच्या त्वचेच्या रंगाचा सॉलिड कलर लेयर, मोड डार्कन, ओपॅसिटी २० ते ४०. चमक पूर्ण मारू नका. नाकाच्या शेंड्यावरची आणि गालाच्या हाडावरची चमक गेली की चेहऱ्याची खोलीही जाते. तिन्ही चॅनेल २५५ ला टेकलेली असतील तर तिथे पोतच शिल्लक नाही. मग बाजूची त्वचा क्लोन करून आणावी लागते.

तपकिरी वांग आणि उन्हाचे डाग लालमध्ये फिके होतात, पण नाहीसे होत नाहीत, कारण मेलॅनिन लालही थोडा शोषतं. लाल मिक्सरने अर्धं काम होतं, उरलेलं डॉज अँड बर्नने (जागोजागी हलकेच उजळ-गडद करून). डोळ्यांखालची वर्तुळं बरीचशी सावलीच असतात आणि तिन्ही चॅनेलमध्ये गडद असतात. तिथे चॅनेलची युक्ती चालत नाही. एक उजळ कर्व्ह, मास्क काळा, आणि धीराने ब्रश. तिळांना मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. एक-दोन दिवसांत जाणारी पुटकुळी, कोरडे पापुद्रे, सुटलेला केस हे सुरुवातीलाच हीलिंग ब्रशने काढून टाका. त्यासाठी चॅनेलचा खटाटोप नको.

या सगळ्याच्या आधीची एक अट मी मुद्दाम मागे ठेवली होती. लाल चॅनेल जळलेलं असेल तर वरचं काही चालणार नाही. त्वचेत लाल सर्वांत वर असल्यामुळे जास्त एक्सपोजरमध्ये तेच आधी २५५ ला टेकतं, आणि कृष्णधवल उघडून पाहिलं तर गालावर कोरा पांढरा ठिगळ दिसतो. अशा लालचा ल्युमिनॉसिटी लेयर म्हणजे डागांबरोबर गालसुद्धा पुसणं. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली) फाइल असेल तर आधी तिथे जा, एक्सपोजर आणि हायलाइट खाली घ्या आणि व्हाइट बॅलन्स नीट करा. पुष्कळदा अर्धी लाली तिथेच उतरते, कारण ती त्वचेची नसतेच, चुकीच्या व्हाइट बॅलन्सची किंवा प्रोफाइलची असते. रॉ नसेल तर हिरवं चॅनेल ल्युमिनॉसिटीवर कमी ओपॅसिटीने लावून गालाची घडण परत आणता येते. त्यात डाग मात्र वाढतील, ते नंतर सुटे सुटे काढा.

गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्यांनाही हेच करता येतं. मोनो मिक्सरने राखाडी लेयर बनवा, मोड ल्युमिनन्स ठेवा. तिथे उजळपणाचं गणित थोडं वेगळं आहे, त्यामुळे माझे आकडे जसेच्या तसे उतरवू नका, डोळ्याने जुळवा.

राहिला ॲक्शनचा प्रश्न. जे यांत्रिक आहे ते बांधा: लाल मिक्सरचा लेयर ६५, ३०, ५ वर, काळ्या मास्कसह, त्याला चिकटलेला सरळ कर्व्ह, त्यावर कलर मोडचा रिकामा लेयर, वर डॉज आणि बर्नचे दोन कर्व्ह, तेही काळ्या मास्कसह. लाल वजा हिरवं हा मास्क आणि निळ्याचा चमक-मास्कही ॲक्शनमध्ये बनू शकतात, फक्त लेव्हल्सच्या पायरीला डायलॉग उघडा राहील असं ठेवा, कारण ५५ आणि ८५ हे आकडे दर चेहऱ्याला बदलतात. मिक्सरचा कॉन्स्टंट आणि कर्व्ह मात्र बांधू नका. एकाच दिव्याखाली काढलेल्या मालिकेतही दोन माणसांची त्वचा सारखी नसते. तिथे प्रत्येक वेळी लेयर चालू-बंद करून गाल, कपाळ आणि मान यांचा उजळपणा इन्फो पॅनेलमध्ये वाचा, आणि मान चेहऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाची वाटायला लागली की ओपॅसिटी खाली घ्या.